डायनामोच्या लोखंडात थोडं उरतं

दौंडच्या आमच्या दुकानात आलेला माणूस गाडीतून उतरता उतरताच सांगायचा, "डायनामो गेलाय." गाडी कुठलीही असो, नवी कार असो की ऊस वाहणारा ट्रॅक्टर. बॉनेटखाली डायनामो नसायचाच. असायचा अल्टरनेटर. डायनामोच्या गाड्या आमच्या भागातून केव्हाच गेल्या, नाव मात्र मागे राहिलं. माझे पती सुधाकर कुणाची चूक काढत नसत. "बघू," म्हणायचे आणि पाना हातात घ्यायचे. मी मागच्या खोलीत वायंडिंगच्या, म्हणजे तांब्याची तार भरायच्या टेबलाशी बसलेली असायचे. मला दर वेळी वाटायचं, या माणसाला दोन मिनिटं बसवावं आणि सांगावं की ही दोन वेगळी यंत्रं आहेत आणि त्यांच्यातला फरक फार नवलाचा आहे. तसं कधी सांगितलं नाही. गिऱ्हाईकाला घाई असते, आणि मी आपणहून बोलणारी बाई नव्हे.

सुधाकर गेल्या वर्षी गेले. या अंकासाठी कामाबद्दल लिहा असं संपादकांनी म्हटलं, तेव्हा आधी मी नकार दिला. मग वाटलं, इतकी वर्षं न सांगितलेला तो फरक तरी लिहावा. सावकाश लिहिते आहे. रोज थोडं.

माझे वडील रेल्वेत होते, डब्यांतल्या दिव्या-पंख्यांच्या विभागात. आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो. त्या काळी प्रवासी डब्याच्या पोटाखाली एक डायनामो टांगलेला असे, आणि चाकाच्या आसावरून त्याला एक रुंद पट्टा दिलेला असे. गाडी दौंडला थांबली, इंजिन बदलायला वेळ लागला, की डब्यांतले दिवे हळूहळू तांबूस होत जायचे. गाडी हलली, वेग घेऊ लागली, की तेच दिवे पांढरे व्हायचे. वडिलांनी मला एकदा यार्डाच्या कडेला उभं करून ते दाखवलं होतं. म्हणाले, "दिव्यामुळं गाडी दिसते आपल्याला. पण दिवा लागतो गाडी पळते म्हणून." मी नुसती बघत राहिले. लांब जाणारे ते दिवे, आणि प्रत्येक डबा आपला उजेड आपल्याच चाकातून काढतो आहे. पुढे भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाले, पुस्तकातली सूत्रं पाठ केली, पण त्या संध्याकाळी जे वाटलं होतं ते कुठल्या सूत्राने कमी झालं नाही.

लग्नानंतर दुकानात आले ती मदत म्हणून. सुधाकर गाडीचं वायरिंग, इंजिन चालू करणारा सेल्फ, डायनामो सगळं करायचे, पण जळालेलं आर्मेचर पुण्याला पाठवावं लागे आणि ते आठवडाभर परत येत नसे. आर्मेचर म्हणजे डायनामोच्या पोटात फिरणारा लोखंडी दंडगोल. त्याच्या खाचांमधून तांब्याची तार भरलेली असते. एकदा मी एक जळकं आर्मेचर मागून घेतलं आणि त्याची तार उलगडत बसले. कुठून कुठे जाते, कुठल्या खाचेत उतरते, कुठे वळते. पुस्तक वाचावं तशी ती तार मी वाचली. मग नव्या तारेने तीच वाट परत चालले. सुधाकर संध्याकाळी येऊन बघत राहिले. म्हणाले, "तुला हे कुणी शिकवलं?"

"जळालेल्याने," मी म्हणाले.

त्या दिवसापासून कामाची वाटणी ठरली. तार मी भरायची. तारेची टोकं सुती दोऱ्याने आवळून बांधायचं काम त्यांचं. मग वार्निश चढवायचं आणि पत्र्याच्या पिपात मोठे बल्ब लावून वाळवायचं. दोरा नीट आवळला नसेल तर आर्मेचर वेगाने फिरताना तार बाहेर फेकली जाते आणि सगळं मुसळ केरात. सुधाकरांची गाठ सुटत नसे. चपटी, आडवी, दोनदा आतून घेतलेली. मी कित्येकदा बघून करायला गेले. माझी गाठ फुगीरच व्हायची.

आता तो फरक सांगते.

डायनामोत चुंबक, म्हणजे तार गुंडाळलेलं आणि विजेने चुंबक होणारं लोखंड, भिंतीसारखा स्थिर असतो आणि मधे तारेचं आर्मेचर फिरतं. तार चुंबकाजवळून सरकली की तिच्यात वीज येते. ही वीज येते फिरत्या भागात, पण ती हवी असते स्थिर बॅटरीत. मग आर्मेचरच्या टोकाशी फिरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर कोळशाचे दोन तुकडे दाबून धरायचे आणि घासत घासत ती उतरवून घ्यायची. या तुकड्यांना आम्ही कार्बन म्हणतो. गाडीची सगळी वीज त्या दोन तुकड्यांतून जाते. ते झिजतात, ठिणग्या पडतात, पट्ट्या काळ्या होतात. शिवाय डायनामो जोरात फिरला तरच देतो. जुनी गाडी सिग्नलला किंवा फाटकाला उभी राहिली की तिचे दिवे मंद होत, ते म्हणूनच.

अल्टरनेटर करणाऱ्यांनी एकच गोष्ट केली. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत नेलं. चुंबक फिरवला आणि तार स्थिर ठेवली. वीज आता स्थिर तारेतच तयार होते. तिला सरळ बोल्ट आवळून वायर जोडायची. घासायचं कारण उरलं नाही. फिरत्या चुंबकाला जागं ठेवायला किंचित वीज लागते, तेवढीच कार्बनमधून जाते. म्हणून तो हलका असतो, वेगात फिरवता येतो, आणि गाडी जागेवर उभी असतानाही बॅटरी भरत राहतो. ही वीज पुढेमागे झुलणारी असते, बॅटरीला ती चालत नाही. म्हणून आत डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारं दार.

आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की डायनामोतही वीज आधी अशीच झुलणारी तयार होते. फिरत्या तांब्याच्या पट्ट्या तिला नेमक्या क्षणी पलटवतात म्हणून ती बाहेर सरळ दिसते. दोघांच्या पोटात एकच गोष्ट घडते. हे कळलं त्या दिवशी मी हातातलं काम थांबवून बराच वेळ बसून होते.

अजून एक फरक आहे. तो या लिखाणात पुढे लागणार आहे म्हणून आताच सांगते. अल्टरनेटरला सुरुवातीला बॅटरीकडून थोडी वीज घ्यावी लागते. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर जो लाल दिवा लागतो ना, बऱ्याच गाड्यांत त्या दिव्यातूनच ती जाते. वरवंडच्या एका कापड दुकानदाराने तो दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून काढून टाकला होता, आणि बॅटरी का उतरते म्हणून चार मेकॅनिक पालथे घातले होते. डायनामोचं तसं नसतं. त्याच्या लोखंडात मागच्या चुंबकत्वाचा थोडासा अंश उरलेला असतो. गाडी रात्रभर उभी राहिली, महिनाभर उभी राहिली तरी उरतो. सकाळी आर्मेचर फिरलं की त्या अंशापुरती वीज येते. त्या विजेने चुंबक थोडा जोर धरतो, त्याने वीज वाढते, तिने चुंबक आणखी. बघता बघता दिवे लागतात. उरलेल्या थोड्यावर सगळं उभं राहतं.

वरवंडचेच एक टेम्पोवाले होते, रामभाऊ. त्यांची हयात जुन्या गाड्यांवर गेली होती. डायनामो चालतो की नाही हे बघायची जुन्या ड्रायव्हरांची एक रीत होती. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची वायर काढायची. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला. रामभाऊंनी नवा टेम्पो घेतला, पण रीत सोडली नाही. अल्टरनेटर चालू असताना बॅटरी काढली की त्याने केलेली वीज जायला जागा उरत नाही, विजेचा दाब एकदम चढतो आणि डायोड फुटतात. वरचेवर यायचे ते.

"वहिनी, मिस्त्री हायेत का? डायनामो गेला परत."

सुधाकर बाहेर येऊन विचारायचे, "रामभाऊ, बॅटरीची वायर काढून बघितली का?"

"बघणारच की. बघितल्याबिगर कसं कळायचं, चालतोय का न्हाई?"

"मग कळलं?"

"कळलं. न्हाई चालत."

"काढेपर्यंत चालत होता."

रामभाऊ माझ्याकडे बघायचे. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, न बघता इश्वास ठिवायचा म्हंजी कसा?"

शेवटी सुधाकरांनी वायंडिंगचा सुती दोरा घेतला आणि त्यांच्या बॅटरीचं टर्मिनल आपल्या त्या चपट्या गाठीने बांधून टाकलं. म्हणाले, "रामभाऊ, ही गाठ सुटलेली दिसली तर मी तुमच्या गाडीला हात लावणार नाही." रामभाऊंनी गाठ निरखून पाहिली आणि टेम्पो घेऊन गेले. त्यानंतर त्यांचा अल्टरनेटर कधी जळाला नाही. बॅटरी बदलायची झाली की ते नवी बॅटरी टेम्पोत घालून वरवंडहून दौंडला यायचे. सुधाकरांनी गाठ सोडायची, बॅटरी बदलायची आणि परत बांधायची. दोघांपैकी कुणीही या प्रकाराला हसत नसे.

सुधाकर गेले ते छातीत दुखायचं निमित्त होऊन, दोन दिवसांत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला निम्मी माणसं आमच्या नात्यातली आणि निम्मी ड्रायव्हर मंडळी होती. त्यानंतर मी शटर उघडत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. लोक यायचे, दारातून विचारायचे, "मिस्त्री हायेत का?" बाहेरगावच्यांना ठाऊक नसायचं. "नाहीत," मी म्हणायचे. काही जण बसायचे, काही जण दुकानाला नमस्कार केल्यासारखं करून जायचे. टेबलावरचं वायंडिंग मला येत होतं, पण गाडीजवळ जाऊन यंत्र उतरवणं, बसवणं, पट्टा ताणणं, चालू करून बघणं हे सगळं त्यांचं होतं. इतक्या वर्षांत मी एकदाही बॉनेटमधे हात घातला नव्हता.

आमचा मुलगा निखिल रांजणगावच्या एका कारखान्यात आहे आणि शिरूरला राहतो. समजूतदार आहे. एका रविवारी येऊन म्हणाला, "आई, तू शिरूरला चल. इथं एकटी किती दिवस बसणार? आणि आता वायंडिंग कोण करून घेतं गं? अल्टरनेटर गेला की अख्खा बदलतात."

ते खरंच होतं. त्याने मला एकदा फोनवर चित्रफीत दाखवली होती. यंत्राचा हात तार भरत होता. मी अर्धी सकाळ घालवते ते काम चहा गाळेपर्यंत उरकत होतं. मला वाईट वाटलं नाही. मी ती परत परत लावून पाहिली. कुणीतरी माझ्यासारखंच तारेची वाट वाचली असेल, तेव्हाच यंत्राला ती दाखवता आली.

"एक मोबाईलवाला गाळा मागतोय," निखिल म्हणाला. "महिनाअखेरीला देऊन टाकू?"

मी बरं म्हणाले. पुढच्या रविवारी तो हत्यारं भरायला रिकामी खोकी घेऊन येणार होता.

त्याच आठवड्यात मांडवगण फराट्याचे आप्पा आले. ऐंशीच्या पुढचे बागायतदार, पांढरं धोतर, हातात काठी. त्यांच्याकडे एक फार जुनी जीप आहे, आणि तिच्यात अजून डायनामो आहे. माझ्या माहितीतला तेवढाच एक. आप्पा आमच्याकडे पूर्वीपासून यायचे. पहिली काही वर्षं चहा पुढे केला की "आत्ताच झाला" म्हणायचे. पुढे कधीतरी ते म्हणणं बंद झालं आणि स्वतःच मागू लागले. त्याबद्दल कुणीच कधी काही बोललं नाही.

या वेळी जीप दोरीने ओढत आणली होती. बरोबर त्यांचा पुतण्या संपत होता.

"मिस्त्री गेल्यालं कळलं," आप्पा बाकावर टेकत म्हणाले. "माझ्या डोळ्याचं आपरेशन व्हतं तवा. यायला जमलं न्हाई, ताई. लई वंगाळ झालं."

मी चहा ठेवला.

संपत म्हणाला, "काकू, गाडी दोन वर्सं गोठ्यात उभी व्हती. आता चालू केली, तर चार्जिंगच न्हाई. गॅरेजवाला म्हणतोय कॉइल जळालीय, टाका भंगारात आन् अल्टरनेटर बसवा. मी म्हणतोय बसवू. आप्पा ऐकंनात."

"हितल्या मिस्त्रीनं भरल्याला हाय त्यो," आप्पा म्हणाले. "हितं इचारल्याबिगर भंगारात जायाचा न्हाई. ताईंनी म्हणावं टाका, मी टाकतो."

खरं म्हणजे संपतचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अल्टरनेटर सगळ्या बाबतीत सरस आहे, हे मी वर लिहिलंच आहे. पण ते आर्मेचर मी भरलेलं होतं. आणि त्यावरची टोकं सुधाकरांनी बांधलेली होती. कॉइल, म्हणजे भरलेली तार, जळालेली असेल तर ती छिन्नीने तोडून काढावी लागते, दोऱ्यासकट. त्यांच्या हातचं काम असं गाड्यांमधून जगभर गेलं. दुकानात त्यांची हत्यारं होती, कपडे होते, पण बांधलेली गाठ एकही नव्हती. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

"काढा," मी संपतला म्हणाले. "टेबलावर आणा."

डायनामोची एक गंमत आहे जी अल्टरनेटरमधे नाही. फिरवला तर तो वीज देतो, आणि वीज दिली तर तो स्वतः फिरतो. म्हणून तपासायची जुनी पद्धत अशी, की पट्टा काढायचा आणि बॅटरी जोडायची. सावकाश मोटरीसारखा फिरू लागला तर आत जीव आहे. मी वायरी जोडल्या. काहीच झालं नाही.

"बघा," संपत म्हणाला. "जळालीय ओ. मी पान्यानं ठोकून पण बघितलं, लई ठोकलं. न्हाई हालत."

"ठोकलं कशाला?"

"सेल्फ अडकला की ठोकतोच की आपण. म्हटलं ह्यालाबी ठोकावं."

आमच्या भागात ही सर्रास रीत आहे. सेल्फ अडकला की पान्याने दोन ठोके, आणि तो सुटतोही. पण डायनामोच्या लोखंडात तो जो थोडा अंश उरलेला असतो, तो ठोकल्याने जातो. चुंबकाला हातोडी मारली तर तो नुसतं लोखंड होतो, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. मी संपतला तसं सांगितलं.

"म्हंजी मीच घालवला म्हणा की," संपत ओशाळून म्हणाला.

आप्पा चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "ह्याच्या हातात पाना दिला की असंच हाय. परवा नांगराला ठोकत व्हता, म्हटलं बाबा, त्यानं काय केलं तुझं?"

मी मागचं झाकण उघडलं आणि आर्मेचर बाहेर काढलं. पहिलं काम नाकाचं असतं. जळालेल्या वायंडिंगला एक कडवट वास येतो, आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. मी ते नाकाजवळ नेलं. जुन्या वार्निशचा वास आला. तेलाचा, धुळीचा, थोडा गोठ्याचाही. जळका नाही. मग खिडकीशी नेऊन वळवून पाहिलं. तांब्याच्या पट्ट्यांच्या अलीकडे, वार्निशच्या तपकिरी काचेखाली, ती गाठ होती. चपटी, आडवी, दोनदा आतून घेतलेली. एक धागाही सैल झाला नव्हता.

मागून आप्पा हळूच म्हणाले, "जळालंय का, ताई?"

"नाही."

तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्या पॉलिश पेपरने उजळल्या. मधल्या फटी करवतीच्या पात्याच्या तुकड्याने साफ केल्या. कार्बन गंजाने आपल्या घरात अडकून बसले होते, ते पेट्रोलने सोडवले. सगळं परत बसवलं आणि वायरी जोडल्या. क्षणभर काही नाही. मग तो हलला. आधी कण्हल्यासारखा, मग गोल, मग सावकाश फिरतच राहिला, टेबलावरच्या धुळीत एक बारीक थरथर उठवत. संपतने हात मागे घेतला. आप्पा काठी टेकून उठले आणि जवळ येऊन उभे राहिले. इतकी वर्षं ही गोष्ट मी ऐकत आले होते, भिंतीपलीकडून. समोर फिरताना प्रथमच पाहत होते. आणि ती वीज आत जाताना, ठोकून घालवलेला अंश त्या लोखंडात परत ठेवत होती, हेही मला ठाऊक होतं. डोळ्यांना दिसत मात्र नव्हतं.

मग तो जीपवर बसवायचा होता. संपत बोल्ट आवळत होता. पट्टा किती ताणायचा, तो विचारू लागला. सुधाकर अंगठ्याने दाबून बघायचे. दाबल्यावर तो बोटाच्या जाडीएवढा वाकला पाहिजे. मी बॉनेटमधे हात घातला, पट्ट्यावर अंगठा ठेवला. "अजून थोडा," म्हणाले. "अजून. बस."

जीप चालू झाली. डॅशबोर्डवर चार्जिंगचा काटा असतो. मधे शून्य, डावीकडे गेला तर बॅटरी उतरते आहे, उजवीकडे गेला तर भरते आहे. काटा डावीकडे होता आणि तिथेच राहिला. "पाय द्या," मी म्हणाले. संपतने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज वाढला. काटा थरथरला, शून्यावर आला, तिथे जरासा अडला, आणि मग उजवीकडे गेला. अगदी सावकाश. मला रेल्वे यार्डातले दिवे आठवले.

आता कार्बन अडकल्यामुळे डायनामो बंद होता, की लोखंड विसरलं होतं म्हणून, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. बहुधा दोन्ही असावं. सुधाकर असते तर म्हणाले असते, चालला ना, मग झालं.

"गेला का उजवीकडं?" आप्पांनी विचारलं. त्यांना अजून नीट दिसत नव्हतं.

"गेला," मी म्हणाले.

"मग आमचं काम झालं." जीपमधे बसताना ते म्हणाले, "मिस्त्री म्हणायचे, तार तुम्ही भरताय. मला वाटायचं बायकूला बरं वाटावं म्हणून म्हणतोय."

रविवारी निखिल आला, रिकामी खोकी घेऊन. मी त्याला जीपची हकीकत सांगितली. तो ऐकत होता आणि हत्यारं पुसत होता, पण खोक्यात ठेवत नव्हता. मी काय ठरवलं आहे ते त्याने विचारलं नाही, आणि मलाही ते सांगता आलं नसतं. एका जीपवर कुणी दुकान चालवत नाही.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. रामभाऊ. पुण्यानुमोदनानंतर ते पहिल्यांदाच येत होते. मागे नवी बॅटरी होती. ते दारात उभे राहिले आणि आप्पांप्रमाणे त्यांनीही मला मिस्त्री आहेत का असं विचारलं नाही.

"वहिनी, बॅटरी बसली खाली," ते म्हणाले. "दोन महिनं झालं, ढकलून चालू करतोय."

"मग बदलायची ना रामभाऊ. वरवंडला कुणीही बदलून दिली असती."

"देत व्हती की. सगळी म्हणली, दोरा तोड." त्यांनी पायांकडे पाहिलं. "मिस्त्रींची गाठ हाय. मी कशी सोडू?"

मी बाहेर गेले. बॉनेट उघडलं होतं. दोरा तेलाने काळा झाला होता, पण गाठ तशीच होती. कात्रीने कापता आली असती. मी कापली नाही. नखाने एक पदर उचलला, मग दुसरा. आतून दोनदा कसा घेतला आहे ते उलगडत गेलं, आणि पहिल्या जळक्या आर्मेचरची तार जशी वाचली होती तशी ती गाठ मला वाचता आली. दोरा सुटून हातात आला. तो वाकण विसरला नव्हता. तळहातावर तसाच मुडपून बसला.

निखिलने जुनी बॅटरी उतरवली, नवी ठेवली. मी टर्मिनल आवळलं, रिळावरून नवा दोरा घेतला आणि बांधायला लागले. तीच वाट, दोनदा आतून. तरी गाठ थोडी फुगीरच झाली. रामभाऊ वाकून बघत होते.

"जरा निराळी दिसतीय," ते म्हणाले.

"निराळी आहे."

"मग ही धरायची का, वहिनी?"

"धरायची," मी म्हणाले. "सुटलेली दिसली तर मी गाडीला हात लावणार नाही."

रामभाऊंनी मान डोलावली आणि बॉनेट हलक्या हाताने लावलं. टेम्पो गेल्यावर मी वळून पाहिलं, तर निखिल रिकामी खोकी चपटी करून एकावर एक रचत होता.